कुत्र्यांजवळ कोण राहणार?

दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी जवळ आली, की कुत्रं पाळलेल्या प्रत्येक घरात एक प्रश्न हमखास निघतो. ‘आपण सगळेच गेलो तर कुत्र्याजवळ कोण राहणार?’ प्रश्न सगळ्यांना म्हणून विचारलेला असतो, पण विचारताना सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळलेल्या असतात. मग आपणच तोंड उघडतो. ‘जा तुम्ही. मी राहते. नाहीतरी माळा आवरायचा राहिलाच आहे.’ झालं! मंडळी सहलीला जातात, आपण माळा आवरतो, आणि कुत्रं दाराशी बसून त्यांची वाट बघतं.

एक-दोन वर्षं असं झालं तर त्याचं काही वाटत नाही. पण कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. तेवढ्या वर्षांत मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने जातात. त्यांच्या आठवणींत शिवनेरी असतो, गणपतीपुळे असतं, पण त्या फोटोंत आई नसते. तेव्हा हा प्रश्न कुत्र्याचा नाही, आपला आहे, असं मला वाटतं. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

आमच्या बदलापूरच्या घरी दोन कुत्री आहेत. बंड्या गावठी. २६ आणि २७ जुलै २०१९च्या पुरात उल्हास नदीचं पाणी गावात शिरलं होतं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून पडली होती. त्या दिवसांत हे पिल्लू आमच्या जिन्यात कुडकुडत येऊन बसलं, ते पुन्हा गेलंच नाही. दुसरी चिंगी, पॉमेरेनियन. माझ्या नणंदेची मुंबईहून बदली झाली, तेव्हा ती आमच्याकडे आली. आता तिला नववं वर्ष चालू आहे. कुत्री ठेवून घेणारी वसतिगृहं हल्ली आपल्याही बाजूला निघाली आहेत. तरण्या, माणसाळू कुत्र्याला ती चालतात. पण वयस्क कुत्रं परक्या जागी अन्न सोडतं. चिंगीने दोन दिवस तोंडात घास घेतला नाही, तेव्हा तो मार्ग आमच्यापुरता बंद झाला.

घरच बरोबर न्यायचं

उरला तो दुसरा मार्ग, घरच चाकांवर घालून बरोबर न्यायचा. परदेशात मोटारघरं कितीतरी वर्षांपासून आहेत. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्या जास्त दिसू लागल्या. आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि बेताचं शौचालय असतं. बाईमाणसाला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. प्रवासात पाणी न पिता तास-तास काढायची सवय आपल्यापैकी किती जणींना आहे, ते मी सांगायला नको. मूत्रमार्गाच्या दुखण्याचं हेही एक कारण असतं.

घरात जुनी मोठी गाडी असली, तर ‘सीटा काढून फळ्या ठोकू’ असं पुरुषमंडळी उत्साहाने म्हणतील. त्यांना थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. रीतसर नोंदवलेली गाडी भाड्याने घेतलेली बरी.

भाडं ठरवताना ‘कुत्री बरोबर आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि मालकाचा होकार लेखी घ्यायचा. मोबाइलवर लिहून आला तरी चालेल. आम्हाला एका मालकाने आधी ‘आणा की’ म्हटलं आणि निघायच्या आठवड्यात नकार कळवला. दुसरी गाडी मिळाली, पण लेखी होकाराची किंमत कळली. केस, ओरखडे आणि वास यांचे वेगळे पैसे किती, तेही आधीच विचारून घ्या. भाडं दिवसावर आणि किलोमीटरवर असं दोन्ही धरतात. ते स्वस्त नाही. पण दोन खोल्यांचं हॉटेल, जाण्यायेण्याची गाडी आणि दोन कुत्र्यांचं वसतिगृह असा सगळा हिशेब कागदावर मांडलात, तर वाटतं तितकं महागही पडत नाही.

सामानासाठी आपल्याला लांब जायला नको. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोमची गादी हव्या त्या मापात कापून, वर रेक्झिन चढवून मिळते. तिच्यावर चिखलाचे पाय पडले तरी ओल्या फडक्याने निघतात. कुत्र्यांसाठी मात्र नवीन काही घेऊ नका. घरातली जुनी गोधडीच न्या, आणि निघण्याआधी ती मुद्दाम धुऊ नका. परक्या जागी कुत्र्याला स्वतःचा वास सापडला, की ते निम्मं शांत होतं.

अंबरनाथची रंगीत तालीम

मोठ्या प्रवासाआधी आठ दिवस आम्ही जवळच्या जवळ अंबरनाथला जाऊन आलो. शिवमंदिर आपल्या घरापासून हाकेवर, म्हणूनच आपलं तिकडे लक्ष नसतं. मंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे. कोकणच्या शिलाहारांचं हे बांधकाम. भूमिज शैलीतल्या जुन्या देवळांत त्याची गणना होते. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि शिखर अपुरं असल्यामुळे वर आभाळ दिसतं. बाहेरच्या भिंतींवर तर मूर्तींनी जागाच सोडलेली नाही.

आणि इथेच पहिला नियम समोर आला. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या संरक्षित स्मारकात कुठलंही जनावर नेता येत नाही. १९५९ सालच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, आणि तो बिचारा चुकीचं सांगत नसतो. देवळात तर तसंही कुत्र्याला कुणी नेणार नाही.

म्हणजे पुन्हा तेच आलं! घरी प्रश्न होता, ‘कुत्र्यांजवळ कोण राहणार?’ देवळाच्या दाराशीही प्रश्न तोच. साखळ्या माझ्या हातात देऊन सगळे आत निघाले होते. तेव्हा मी म्हटलं, ‘अहो, जरा थांबा. आपण दोन तुकड्या करू. पहिल्या तुकडीत मी.’ हे म्हणाले, ‘अगं, त्यात काय, आम्ही आत्ता येतो, मग तू जा.’ पण ‘मग तू जा’चा अनुभव आपल्याला आहे ना? दुसऱ्या तुकडीच्या वेळेला ऊन चढलेलं असतं, मुलांना भूक लागलेली असते, आणि ‘पुढच्या वेळी बघ की, जवळच तर आहे’ असं ठरतं. पुढची वेळ काही येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, हा नियम कागदावर लिहून गाडीच्या दाराला आतून चिकटवा. प्रत्येक ठिकाणी दोन तुकड्या, आणि पहिल्या तुकडीत घरातली बाई. आमच्या पत्रकात मी आणि मुलगी पहिल्या, हे आणि मुलगा दुसरे. सासूबाईंना मुभा, वाटेल तेव्हा जावं, नाहीतर गाडीजवळ खुर्ची टाकून बसावं. भांडण नाही, रुसवा नाही. मुलाला तर ते पत्रक इतकं आवडलं, की तोच घड्याळ लावून बसू लागला.

तिथे एक काळजी घ्या. मंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी वर्षानुवर्षं येतं आहे. कुत्र्यांना तिथलं पाणी चाटू देऊ नका, काठाच्या चिखलात लोळूही देऊ नका.

कार्ले, वाई, मेणवली

आमची खरी सहल तीन रात्रींची. बदलापूरहून कर्जत, खोपोली, बोरघाट, कार्ले, मग पुणे, खंबाटकी घाट, वाई आणि शेवटी सातारा. जायचं अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. आम्ही डिसेंबर निवडला, आणि कुत्री बरोबर असतील तर तुम्हीही डिसेंबर-जानेवारीच निवडा. एप्रिल-मेची सुट्टी या कामाची नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

पहाटे पाचला निघालो. घाट लागायचा असला, की निघण्याआधी तीन-चार तास कुत्र्याला खायला द्यायचं नाही. थोडं पाणी चालतं. चालत्या गाडीत कुत्र्याला मोकळं सोडायचं नाही आणि गळ्याच्या पट्ट्यालाही बांधायचं नाही. अचानक ब्रेक लागला तर गळ्याला फास बसतो. छातीवरून जाणारा पट्टा मिळतो, तो घालून सीटच्या पट्ट्याला अडकवायचा. खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा खाणारं कुत्रं दिसायला गोड दिसतं, पण डोळ्यांत कचरा जातो आणि शेजारून ट्रक जातो. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबलो, की कुत्र्यांचे पाय मोकळे होतात आणि आपलेही.

कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं मानतात. शेजारीच एकवीरा आई. इथेही कुत्री खालीच. माकडं भरपूर असल्यामुळे ती खालीच बरी. आमचं पत्रक इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडलं. पहिली तुकडी सकाळी, ऊन चढायच्या आत. आत उभं राहून ते लाकडी छत, दोन हजार वर्षांपूर्वीचं, पहिल्यांदाच घाई न करता बघितलं. इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि वर्गात मुलांना लेण्यांवर टिपणं देते, पण स्वतः कार्ल्याला कुणाच्याही हाका न ऐकता अर्धा तास उभी होते ती या वेळी.

वाईला मुक्काम. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती सगळ्यांना ठाऊक आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. घाट उघडा, गावाचा. पहाटे तिथे माणसं तुरळक असतात तेव्हा साखळी आखूड धरून कुत्र्यांना फिरवता आलं. पण गर्दीच्या वेळी, स्नानाच्या जागी, पूजा चालू असताना नेऊ नका. आपलं कुत्रं आपल्याला लेकरासारखं असलं, तरी दुसऱ्याच्या सोवळ्याचा मान ठेवायला हवा. घाण झाली तर ती कागदात उचलून घेण्याची तयारी हवी. मी जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापून पिशवीत ठेवले होते.

याच वाईत मराठी विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली पहिला खंड १९७६ साली निघाला. शाळेतल्या मुलांना ज्या जाड पुस्तकांकडे बोट दाखवून आपण ‘त्यात बघा’ म्हणतो, ती या लहानशा गावात तयार झाली, याचं मला फार कौतुक वाटतं.

मेणवली वाईहून अगदी जवळ. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेत आलेल्या घंटांपैकी ही एक. घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. सासूबाई बराच वेळ ते चित्र निरखत होत्या. मग म्हणाल्या, ‘आई ती आईच. कुठल्याही देवळात टांगा.’

साताऱ्याचा खंड्या

या सहलीतलं एक ठिकाण मात्र असं होतं, की तिथे आमच्या बंड्याचाच मान पहिला.

सातारा शहराबाहेर कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. एका काठाला क्षेत्र माहुली, दुसऱ्या काठाला संगम माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. नदीकाठी जुनी देवळं आणि राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. छत्रपती थोरले शाहू महाराज १७०८ साली साताऱ्याला गादीवर बसले आणि १५ डिसेंबर १७४९ला वारले. त्यांची समाधी संगम माहुलीला आहे. आणि तिथेच त्यांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याचीही समाधी आहे.

खंड्याने शिकारीच्या वेळी महाराजांचा वाघापासून जीव वाचवला, अशी हकिगत आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याचा उल्लेख केला आहे. महाराजांनी कुत्र्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा तर भर दरबारात त्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालून आपली पगडीसुद्धा त्याच्या डोक्यावर ठेवली, असं तो लिहितो. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्याबद्दल मोठा वाद आहे. तो पुतळा १९३६ सालचा, आणि शिवकालात त्याला आधार नाही असं बरेच अभ्यासक म्हणतात. खंड्याचं तसं नाही. त्याची आठवण जुनी आहे.

मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आपल्याआधी तीनशे वर्षं कुत्रं पालखीतून फिरत होतं! आणि आपण मोटारीचं कौतुक करतोय.’ सासूबाईंनी त्याला दत्ताच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांची आणि कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल न टाकणाऱ्या धर्मराजाची आठवण करून दिली. मग स्वतःच बंड्याची साखळी धरून समाधीपर्यंत चालत गेल्या. पहिल्या वर्षी याच सासूबाई ‘कुत्रं उंबऱ्याच्या आत नको’ म्हणत होत्या.

इतकी वर्षं आपल्या लोकांनी एका मुक्या जनावराची समाधी जपली, हे बघून मला फार बरं वाटलं. नाहीतर ‘कुत्र्यासाठी एवढा खर्च?’ असं विचारणारे नातेवाईक आपल्या सगळ्यांनाच आहेत. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर मी माहुलीचा पत्ता देणार आहे.

ज्यात हयगय नको

आता काही गोष्टी जरा निक्षून सांगते.

बंद गाडी. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कुत्र्याला बंद गाडीत कधीही ठेवू नका. बाहेर ३२ अंश असले, तर बंद गाडीत दहा मिनिटांत ४३ अंशांच्या आसपास होतात. काच दोन बोटं खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जिभेने धापा टाकून अंग निववतं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश, ४१च्या वर गेलं की जिवाशी गाठ. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, थोडं थोडं पाणी पाजा आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पॉमेरेनियनसारख्या केसाळ कुत्र्याचे केस उन्हाळ्यात मुळापासून कापतात, तेही करू नका. विंचरून सुटे केस काढले की पुरे.

लस. रेबीजची लस आणि दरवर्षीचा तिचा डोस झालेला असायलाच हवा. दाखला गाडीत ठेवा. वाटेत कुठलंही कुत्रं घरातल्या माणसाला चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. जखमेवर चुना, हळद, मिरची काही लावू नका. ही लस टाळली आणि रोग झाला, तर उपाय जवळजवळ नाहीच.

गावातली कुत्री. प्रत्येक आळीचं आपलं कुत्रं असतं आणि पाहुणा त्याला खपत नाही. आम्ही पहाटे, मोकळ्या रस्त्याने फिरायचो. हातात काठीपेक्षा छत्री बरी. समोर कुत्री आली की ती फटकन उघडायची. ती बिचकून मागे सरतात आणि मारहाण करावी लागत नाही.

बिबट्या. रात्री कुत्र्याला गाडीबाहेर बांधू नका, कुठेच नाही. शिवनेरी, नाणेघाट बघायला जुन्नरकडे जाणार असाल, तर हे दुप्पट लक्षात ठेवा. तिथल्या उसात बिबटे राहतात आणि कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य आहे. बांधलेलं कुत्रं म्हणजे आमंत्रणच. अंधार पडण्याआधी कुत्री आत, दार बंद. आणि अभयारण्यात तर पाळीव कुत्री न्यायचीच नसतात. वाट आखतानाच ते बघून घ्या.

खाणं. आपल्याकडे उरलेला रस्सा भातावर ओतून कुत्र्याला घालायची सवय आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहेत. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हेही वर्ज्य. चिकनची शिजलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. मी साधा भात, उकडलेलं अंडं किंवा बिनकांद्याचं चिकन आणि नाचणीची पेज, एवढंच ठेवलं होतं. पाणी घरचंच पिंपात भरून नेलं. आणि आपली तापाची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉलनेही त्याला विषबाधा होऊ शकते.

गोचीड. गवतातून फिरून आलं, की कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत रोज रात्री हात फिरवून बघा. गोचिडीचा ताप कुत्र्याला पार खंगवतो. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल टाकू नका.

आणि तो ओटा

मोटारघरात ओटा असतो, हे मी वर लिहिलं. त्या ओट्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही.

गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद हवी. शेगडी पेटवायची ती गाडी थांबवून, खिडक्या उघडून. ही झाली सुरक्षिततेची बाब. पण दुसरी एक बाब आहे. ओटा दिसला, की घरातल्या मंडळींना भूक लागते. ‘जरा कांदेपोहे टाकतेस?’ ‘संध्याकाळी पिठलं-भाकरी झाली तर काय बहार येईल!’ बघता बघता सहल होते त्यांची, आणि आपण बदलापूरच्या ओट्यावरून उठून वाईच्या ओट्याशी येऊन उभ्या राहतो. फरक एवढाच, की इथे जागा कमी आणि पाणी मोजून.

म्हणून निघण्याआधीच ठरवून टाका. आमचं ठरलं होतं ते असं: सकाळचा चहा आणि कुत्र्यांचं जेवण गाडीत, बाकी दोन्ही वेळा खाणावळीत. चहा यांनी करायचा. कुत्र्यांची पेज मुलाने ढवळायची, भांडी मुलीने पुसायची. मी घरून चिवडा, दशम्या आणि लोणचं नेलं होतं, ते अडीअडचणीला. पहिल्या दिवशी यांनी चहात साखर विसरली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी चहा उत्तम झाला.

शौचालयाची टाकी नदीत किंवा ओढ्यात रिकामी करायची नाही, हे चालकाला बजावून सांगा. ज्या कृष्णेला आपण हात जोडतो, तिच्यात घाण सोडायची नसते. मुक्कामाला पर्यटन महामंडळाची निवासस्थानं, देवस्थानांची मोकळी मैदानं किंवा मोठे पेट्रोल पंप बरे पडतात. पण आधी फोन करून कुत्र्यांसह विचारा, आणि अंधार पडायच्या आत पोहोचा.

मोटारघर परवडत नसेल, तर नाराज होऊ नका. रेल्वेच्या पहिल्या वर्गात कूपे किंवा केबिन आपल्या एकट्यांच्या नावावर मिळाली, तर कुत्र्याला बरोबर नेता येतं. त्यासाठी स्टेशनवरच्या पार्सल कचेरीत वेगळी पावती करावी लागते आणि लसीचा दाखला लागतो. तेही नाही जमलं, तर अंबरनाथचं देऊळ आहेच. एक रविवार, एक साधी गाडी, पाण्याची बाटली आणि ते दोन तुकड्यांचं पत्रक. पहिल्या तुकडीत तुमचं नाव तुमच्याच हाताने लिहा. दुसरं कुणी लिहील याची वाट बघू नका.

पुढच्या अंकात थंडीतल्या लोकरी कपड्यांची धुलाई आणि कसर लागू नये म्हणून करायचे घरगुती उपाय. तोवर, ज्यांच्या घरी कुत्री-मांजरं आहेत त्यांनी आपल्या सहलींचे अनुभव जरूर कळवा.